पौषातली डोई

धावड्याला थंडी उतरते ती अजिंठ्याच्या डोंगरावरून, आणि उतरली की आधी माणसाचे कान धरते. गावातली माणसं शेकोटीला बसतात, घोंगडीत शिरतात, थंडीला दोन शिव्या हासडतात आणि कामाला लागतात. कारभारीचं तसं नव्हतं. हा गडी थंडीला मनापासून भ्यायचा. बाप मेंढरांमागं उघड्या माळावर निजून म्हातारा झालेला, आणि त्याच्या पोटचा हा पोरगा कोजागिरी झाली की डोक्याला कानटोपडं चढवायचा, त्यावर पटका गुंडाळायचा आणि वरून घोंगडीची खोळ घ्यायचा. नाक तेवढं उघडं ठेवायचा, तेही दम घ्यावा लागतो म्हणून. बाकीचे बाप्ये शेंडी राखून डोकी तुळतुळीत ठेवायचे. कारभारी मात्र दिवाळी ते होळी न्हाव्याला ओट्यावर चढू द्यायचा नाही. "थंडीत मेंढराला कातर लावतो का कोणी? मंग माणसानं काय पाप केलंय?" असं त्याचं म्हणणं.

आणि हाच माणूस दर साली पौषात एके सकाळी न्हाव्याला स्वतः बोलावून आणायचा, आख्खं डोकं शेंडीसकट उतरवून घ्यायचा आणि बोडक्यानं अंगणात बसून कुडकुडायचा.

गावानं याची नाना कारणं लावली. कोणी म्हणे बिरोबाला नवस आहे. कोणी म्हणे डोक्यात उवा मावेनात. पोलीस पाटलानं तर, थंडी मेंदूत गेली की माणूस असंच उलटं वागतो, असा निकालच देऊन टाकला होता. खुद्द कारभारीला विचारलं तर तो म्हणायचा, "सवय हाय." या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. सवय अशी हवेतून येत नसते. ती कुठून आली ते सांगतो.

साल इंग्रजी तीसचं असेल किंवा एकतीसचं. आमच्या निजामाच्या मुलखात तेव्हा पीकपाण्याचं फसली साल मोजत, त्यामुळं छातीठोक कोण सांगणार! दिवाळी झाली आणि गावात मुदतीचा ताप आला. कारभारीची बायको बायनाबाई त्यात सापडली. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. हसनाबादची पोर, अंगानं बारीक, पण डोक्यावर केस असे की न्हाली की वाळायला दुपार लागायची. सासू चतुराबाई तशी जिभेची फटकळ, पण सुनेच्या केसांना तेल लावताना तिचा हात मऊ व्हायचा.

ताप काही उतरेना. भोकरदनहून हकीमसाहेबांना गाडीत घालून आणलं. त्यांनी नाडी पाहिली, कपाळाला हात लावला आणि चतुराबाईला म्हणाले, "पहले ये बाल उतारो, अम्मा. सर ठंडा हुए बगैर बुखार नहीं उतरता."

जित्या नवऱ्याच्या बायकोचं डोकं बोडकं करायचं! न्हाव्याच्या बायकोनं कानावर हात ठेवले. शेवटी चतुराबाईनंच मेंढरांची कातर घेतली आणि रडत रडत तो केसांचा भारा उतरवला. राहिलेले खुंट मागून न्हावीण घासून गेली. केस चतुराबाईनं फडक्यात बांधून आढ्याला खोचून ठेवले.

ताप खरंच उतरला. पण बायनाबाई उठून बसली, डोक्यावरून हात फिरवला, आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजली. त्यानंतर ती आतल्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर येईना. पदर घेऊन तरी यावं, तर अंबाडा नसला की पदर डोक्यावर ठरत नाही. दोन पावलं टाकली की घसरतो. तो घसरला आणि कोणी पाहिलं तर? कुंकू लावलेलं कपाळ आणि वर विधवेसारखं डोकं. चतुराबाईलाही तीच भीती वाटायची. तिनं शेजारणींना सांगून टाकलं होतं की सुनेला अजून वारं लावायचं नाही.

हकीमसाहेब पुन्हा आले तेव्हा त्यांनी खोलीचं दार उघडून आत पाहिलं. मग कारभारीला अंगणात नेऊन म्हणाले, "मेरी दवा हो गई, मियाँ. अब इनको धूप होना. रोज की धूप, सर पे, पीठ पे. अंधेरे में ऐसेच रखे तो हाथ से जाती."

बायना दिवसेंदिवस वाळत चालली होती हे त्यालाही दिसत होतं. भाकरीचा तुकडा पाण्यात कालवून दिला तरी अर्धा उरायचा. बाहेर मार्गशीर्षाचं कोवळं ऊन अंगणभर सांडलेलं, आणि ती चार पावलांवर अंधारात.

त्यानं समजावून पाहिलं. रागावून पाहिलं. रागावणं त्याला जमत नसे, म्हणून पुन्हा समजावून पाहिलं. आतून एकच उत्तर, "केस आल्यावर येते."

"तवर तू राह्यलीस म्हंजे!" तो एकदा बोलून गेला, आणि आपल्याच तोंडावर हात ठेवून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव इतकं पडलं होतं की कडब्याच्या गंजीतून पाणी गळत होतं. कारभारी न्हाव्याकडं, रामकिसनकडं गेला. कानटोपडं काढलं, पटका काढला, आणि महिन्या-दोन महिन्यांचं रान त्याच्यापुढं धरून म्हणाला, "काढ."

"थंडीत? अन् तू?" रामकिसननं वर आभाळाकडं पाहिलं.

"समदं काढ. शेंडीबी."

डोई झाली. कारभारी तसाच उघड्या डोक्यानं, खांदे कानाला लावून घरी आला. खोलीच्या दारात बसला आणि डोकं आत खुपसून म्हणाला, "बघ. आता दोघं सारखे. चल उन्हात."

बायनाबाईनं मान वळवली. किती तरी दिवसांनी तिच्या ओठाला थोडा बाक आला, पण लगेच गेला. "तुमचं काय," ती म्हणाली, "केस गेले तरी मिशी हाय. मला काय राह्यलं?"

कारभारी उठला आणि पुन्हा रामकिसनकडं गेला. पण मिशीचं नाव काढताच रामकिसननं वस्तरा धोपटीत टाकला. बाप्याची मिशी उतरते ती आई-बापाच्या मयतीला, नाहीतर क्रियेला बसणाऱ्याची. "म्हातारी जिती हाय तुझी. मी न्हाई लावणार हात. गाव माझ्या तोंडात शेण घालंल."

"तू लावू नको. वस्तरा दे."

पाण्याच्या लोट्यात तोंड बघत कारभारीनं स्वतःची मिशी काढली. दोन ठिकाणी कापलं. घरी आल्यावर चतुराबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि हातातलं सूपच खाली टाकलं.

"मुडद्या! मी जिती असताना मिशी काढलीस? पौष तोंडावर, भाकड महिना, अन् तू घरात मयत आणून राह्यलास?"

"मयत येऊ नये म्हून तर काढली, माय," कारभारी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. म्हातारीनं सूप उचललं आणि सांडलेली ज्वारी वेचत बसली.

बायनाबाईनं नवऱ्याचं ते ओकंबोकं, दोन ठिकाणी रक्ताळलेलं तोंड पाहिलं. ती रडली खूप. पण उठली नाही. कारभारी दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दाराच्या बरोबर समोर अंगणात घोंगडी अंथरून, डोक्यावर काही न घेता बसू लागला. हट्टच धरला त्यानं. ती उघड्या डोक्यानं बाहेर येत नाही तोवर आपणही डोकं झाकायचं नाही. नाक गळायचं, दात वाजायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "कोण गेलं रे?" तो म्हणायचा, "कोणी न्हाई." लोकांना वाटायचं, दुःखानं माणूस असं बोलतो.

अशात भोकरदनचा बाजार आला. घोंगड्या विकायला कारभारी तसाच बोडक्यानं गेला, आईला बरोबर घेऊन. त्या बाजारात हसनाबादचा रखमाजी बैल बघत हिंडत होता. बायनाबाईच्या माहेराला त्याचा घरोबा. त्यानं लांबूनच पाहिलं: आपल्या गावचा जावई, डोई केलेली, मिशी उतरवलेली, डोक्याला फडकंसुद्धा नाही. शेजारी म्हातारी धडधाकट बसलेली. बाप तर कधीच वारलेला. मग गेलं कोण? पोरगी दिवाळीपासून तापानं पडलीय हे त्याला ठाऊक होतं. भरल्या बाजारात मयतीचं विचारू नये इतकी रीत कळणारा माणूस होता तो. डोळे पुसत तो माघारी फिरला. दोन शब्द विचारले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी म्हणतो, नाही विचारले ते बरंच झालं.

हसनाबादेत रडारड उठली. बायनाबाईचा भाऊ बद्रीनाथ आधी चिडला. बहीण गेली आणि निरोप धाडायची सुद्धा माणुसकी नाही! बापानं, आबानं, त्याला शांत केलं. म्हातारा स्वतः गुडघ्यांनी अधू, प्रवास जमणारा नव्हता. त्यानं रिवाजाप्रमाणं दुखवट्याचं कापड आणवलं. घरात मयत झाली की सोयरे दुखवटा घेऊन जातात. जावयाच्या उघड्या डोक्याला नवा पटका बांधतात, तेव्हा कुठं त्यानं डोकं झाकायचं. पांढरा लांब पटका बद्रीनाथनं काखेत घेतला, साळूआत्याला आणि भावकीतल्या बायांना गाडीत बसवलं, आणि वाटेत एक मुक्काम करून गाडी धावड्याला आली.

साळूआत्या रडण्यात पंचक्रोशीत नावाजलेली. तिनं वेशीपासूनच गळा काढला.

कारभारी नेहमीप्रमाणं अंगणात बसला होता. गाडी थांबली, बाया छाती पिटत उतरल्या आणि बद्रीनाथनं येऊन त्याला कडकडून मिठी मारली. "दाजी! असं कसं झालं हो दाजी!"

कारभारीनं गाडीतून उतरलेल्या माणसांवर नजर फिरवली. सासरची माणसं एवढी रडत आलीत, आणि त्यात आबा दिसत नाहीत. म्हणजे आबाच गेले! भला माणूस होता, लग्नात कारभारीच्या कानाला थंडी वाजते म्हटल्यावर त्यांनी स्वतःचं उपरणं काढून दिलं होतं. कारभारी बद्रीनाथच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागला. त्याचं रडणं पाहून बद्रीनाथला तर शंकाच उरली नाही. चतुराबाई गोठ्यातून धावत आली, सुनेच्या माहेरच्या बाया रडताना पाहिल्या आणि कोण, कसं, काही न विचारता तीही त्यांच्यात बसून रडू लागली. आमच्याकडं आधी रडायचं आणि मग विचारायचं अशीच रीत आहे. विचारून रडणाऱ्याला लोक कोरडा म्हणतात.

आत बायनाबाईच्या कानावर साळूआत्याचा आवाज पडला. तो आवाज ती हजार आवाजांत ओळखणारी. माहेरच्या बाया, रडत, आपल्या दारात! तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. ती अंथरुणातून उठली, भिंत धरून दोन पावलं चालली, आणि मग भिंत सोडून धावली. पदर खोलीतच कुठं तरी गळून पडला.

"आत्या! आबा गेले का गं माझे?"

साळूआत्याचा हात छातीवर आपटायचा तो हवेतच राहिला. दारासमोर भर उन्हात बायनाबाई उभी होती. काड्यांसारखे हात, कपाळावर कुंकू, आणि डोक्यावर बोटाच्या पेराएवढेही केस नाहीत.

"बायना?" बद्रीनाथ पुटपुटला. "तू... जिती हायेस?"

"मला काय धाड भरली! आबाचं सांग."

"आबा बरे हायेत की. घरी बसून तुझ्यासाठी रडून राह्यलेत."

मग हळूहळू एकेक धागा सुटत गेला. रखमाजी, बाजार, डोई, मिशी. कारभारी डोळे पुसायचा थांबला आणि खजील होऊन स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवू लागला. साळूआत्यानं बायनाबाईला आधी चिमटा काढला, ती ओरडली तेव्हा आत्याला पटलं, आणि मग तिनं पोरीला असं कवटाळलं की श्वास कोंडावा. सगळ्या बाया पुन्हा रडायला लागल्या. या वेळी हसत.

आणि मग बायनाबाईला आपण कुठं उभ्या आहोत ते कळलं. तिचा हात पदरासाठी खांद्यावर गेला, तिथं पदर नव्हता. कुंपणाबाहेर अर्धं गाव जमलेलं. ती आत पळायला वळली, आणि कारभारीला वाटलं, गेली! आता ही पुन्हा कधी बाहेर यायची नाही.

तेव्हा चतुराबाई उठली. दारात आडवी उभी राहिली आणि कुंपणाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जित्या माणसाला कावळा शिवला, अपशकुन झाला, तर आपण काय करतो? मेल्याचा खोटा सांगावा धाडतो, सोयऱ्यांना रडवतो, अन् गंडांतर टाळतो. हिच्यासाठी तर वेशीपासून रडणं झालंय. संपलं हिचं गंडांतर. आता हिला कोणाची नजर लागत न्हाई, बिलकुल न्हाई. बघायचं त्यानं बघून घ्या अन् जल्दी घरला जा!" मग सुनेचा दंड धरून हलक्या आवाजात म्हणाली, "बस माय. घोंगडी आंथरलेलीच हाय."

बायनाबाई बसली. ऊन तिच्या डोक्यावर पडलं, मानेवरून पाठीवर उतरलं. तिनं डोळे मिटले.

प्रश्न उरला तो पटक्याचा. बद्रीनाथ तो काखेत धरून अवघडून उभा होता. दुखवट्याचं कापड घरातून निघालं की परत नेत नाहीत, ते सोबत मयत घेऊन येतं म्हणतात. आणि जितीचा दुखवटा बांधायचा तरी कसा?

बायनाबाईनंच हात पुढं केला. "आण इकडं. माझा दुखवटा मीच बांधते." आणि शेजारी कुडकुडत बसलेल्या नवऱ्याच्या डोक्याला, सगळ्यांच्या देखत, तिनं तो पटका गुंडाळायला घेतला. आधी कान झाकले. मग कसून एकेक वेढा. मध्ये दोनदा थांबून दम घ्यावा लागला, पण दुसऱ्या कोणाला तिनं हात लावू दिला नाही.

"ढिला तर न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई," कारभारी म्हणाला.

त्या हिवाळ्यात बायनाबाई रोज उन्हात बसली आणि माणसात आली. पुढच्या सालापर्यंत केसही आले, पहिल्याएवढे दाट नाही, पण अंबाडा होईल इतके. ती पुन्हा शेतात जाऊ लागली, मेंढरं, चूल, पुढं दोन लेकरं. उन्हात बसायला सवड कुणाला! त्या आजारानंतरचा पहिला पौष आला तेव्हा कारभारी अंगणात एकटाच घोंगडीवर बसला. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी उठून रामकिसनकडं गेला आणि डोई करून आला. मिशीला मात्र आईनं हात लावू दिला नाही.

बायनाबाई चिडली. "थंडीनं मरायचंय का? कोणी सांगितलं होतं?" असं बडबडत तिनं पेटीतला तो पांढरा पटका काढला, घोंगडीवर त्याच्या शेजारी बसली आणि कान झाकून कसून बांधून दिला. बांधून झाल्यावर लगेच उठली नाही. आलीच आहे तर बसली. शेंगा फोडल्या, माहेरच्या गोष्टी निघाल्या, ऊन कलेपर्यंत दोघं तिथंच.

तर हा होता कारभारीचा नवस. बायकोच्या संगतीनं अर्धा दिवस ऊन खायला मिळावं म्हणून हा भित्रा माणूस दर पौषात डोकं थंडीच्या हवाली करायचा. तिला कळत नव्हतं असं नाही. पटका ती वर्षभर पेटीत जपून ठेवायची, तो एवढ्याच दिवसासाठी निघायचा.

पुढं बऱ्याच सालांनी रझाकारांच्या धामधुमीचा तो हिवाळा आला. मार्गशीर्षात बायनाबाईच्या छातीत कळ आली आणि दोन दिवसांत ती गेली. चतुराबाई आधीच गेली होती. या वेळी रामकिसन न बोलावता आला. डोई झाली, मिशी उतरली, आणि कोणी काही विचारलं नाही.

दहाव्याला बद्रीनाथ आला. मोठ्या रस्त्यानं जाण्यात जोखीम होती, म्हणून रानातून, आडवाटेनं पायी आला होता. काखेत नवा पटका. क्रिया उरकून घरी आल्यावर भावकीतल्या म्हाताऱ्यांनी खूण केली तसा तो कारभारीच्या मागं जाऊन उभा राहिला.

"थांबा," कारभारी म्हणाला. तो आत गेला. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आला तेव्हा हातात तो जुना पटका होता, घड्यांवर विरत आलेला, पण घडीवर घडी नीट बसवलेला. "बद्रीनाथ, तुमचा दुखवटा लै आधी पोचलाय. हाच बांधा."

बद्रीनाथनं पटका ओळखला. त्याला रडू फुटलं. कसेबसे चार वेढे दिले आणि टोक खोचलं.

कारभारीनं हात वर नेऊन चाचपून पाहिलं. "असा न्हाई," तो हळूच म्हणाला. "आधी कान झाका. मंग कसून बांधा. ती कसून बांधायची."

बद्रीनाथनं पटका सोडला आणि पहिल्यापासून पुन्हा बांधायला घेतला.